दस्त्याच्या मानेवरचा नंबर

रायफलच्या लाकडी दस्त्याचा जो बारीक भाग उजव्या मुठीत येतो, त्याला आपण दस्त्याची मान म्हणू. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्नायपर रायफलच्या या मानेवर, वरच्या अंगाला, लाकडातच ठोकलेला एक नंबर असतो. पाहणाऱ्याला वाटतं, हा रायफलचाच असणार. पण तो असतो दुर्बिणीचा. आणि दुर्बीण ज्या ओतीव लोखंडाच्या ब्रॅकेटमध्ये बसते, त्या ब्रॅकेटवर रायफलचा नंबर असतो. एकीचा नंबर दुसरीच्या अंगावर. असं करायचं कारण व्यवहारातलं आहे. प्रत्येक दुर्बीण एका ठरावीक रायफलशी जुळवलेली असे. तीच दुर्बीण शेजारच्या सैनिकाच्या रायफलवर चढवली, तर चारशे यार्डांवरचा नेम हातभर चुकायचा. बराकीत, अंधारात, घाईत अदलाबदल होऊ नये म्हणून ही खूण.

ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत जुन्या लष्करी रायफली दुरुस्त करून त्यांना त्यांचं युद्धकाळातलं स्नायपर रूप परत देणारी माणसं आहेत. रायफल हाती आली की त्यांतला जाणकार आधी ही मान बघतो. कधी तिथे एक नंबर असतो, पण त्या नंबराची दुर्बीण कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नसतं. कधी तीन नंबर असतात आणि त्यांतले दोन रेघ मारून खोडलेले असतात, म्हणजे या रायफलने नोकरीत तीन दुर्बिणी पाहिल्या. आणि कधी तिथे नुसतं गुळगुळीत, चकचकीत लाकूड असतं. मधल्या काळातल्या एखाद्या मालकाने रायफल ‘सुंदर’ करायच्या हौसेने पॉलिश पेपर घेऊन सगळं घासून काढलेलं असतं. मग पुढे काहीच कळत नाही. जुन्या रायफलचा सगळ्यात मोठा शत्रू मला विचाराल तर पॉलिश पेपर. गंज थांबवता येतो, घासून गेलेला नंबर परत आणता येत नाही.

मराठी वाचकाला या रायफलचं घराणं अनोळखी नाही. पोलिसांच्या खांद्यावरची ‘थ्री नॉट थ्री’ आपण लहानपणापासून पाहत आलो. नळीचा आतला व्यास ०.३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर, म्हणून हे नाव. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हातांत होती ती याच घराण्यातली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनी तिला रीतसर निरोप दिला. पुण्याजवळच्या खडकीत १८६९ पासून असलेल्या दारूगोळा कारखान्यातून ०.३०३ ची काडतुसं निघत. त्यांच्या बुडावरची ‘के एफ’ ही अक्षरं परदेशातल्या जुन्या रायफलींच्या शौकिनांना चांगली ओळखीची आहेत. खडकी कुठे आहे हे माहीत नसलेला माणूसही तिकडे त्या दोन अक्षरांवरून काडतूस ओळखतो.

मात्र आपल्या पोलिसांची रायफल आणि ब्रिटिश स्नायपरची रायफल या सख्ख्या बहिणी असल्या तरी एक नव्हेत. आपल्याकडची बहुतेक ‘नंबर १ मार्क ३’, पश्चिम बंगालमधल्या इछापूरच्या कारखान्यात तयार झालेली. तिचं तोंड चपटं, नळीच्या टोकापर्यंत लाकूड आणि लोखंडी टोपी. ‘नंबर ४’ ही तिच्यानंतरची. तिची नळी लाकडाच्या पुढे दोनेक इंच उघडी दिसते, आणि मागची साइट नळीवर मध्यात नसून थेट डोळ्यासमोर, रायफलच्या मागच्या अंगाला असते, बारीक भोकाची. नेम धरताना समोरची माशी आणि मागची साइट यांच्यातलं अंतर जितकं जास्त, तितकी चूक कमी. ‘नंबर ४’ची नळीही थोडी जाड. म्हणून दुर्बीण लावायला सैन्याने हीच निवडली.

स्नायपर रायफल वेगळी बनवत नसत, निवडत असत. कारखान्यात रोज शेकडो रायफली तयार होऊन चाचणीला जात. त्यांतली एखादी विनाकारण चांगली निघे. तीच नळी, तेच लाकूड, तेच कामगार, तरी तिच्या गोळ्या एकमेकींना चिकटून पडत. अशा रायफली बाजूला काढल्या जात. बर्मिंगहॅमजवळच्या शर्लीतल्या बीएसए कारखान्यातून अशा पुष्कळ निघाल्या. सुरुवातीच्या काही एन्फील्डच्या सरकारी कारखान्यातच दुर्बिणीसाठी तयार झाल्या, आणि १९४२ पासून हे काम लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे आलं. १८३५ साली सुरू झालेली ही पेढी श्रीमंतांच्या शिकारी बंदुकांसाठी नावाजलेली. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या शस्त्रागारांतही तिच्या बंदुका असत. महाराजांच्या दुनळीवर हात बसलेले तिचे कारागीर आता शिपायांच्या रायफलींवर बसले. युद्ध संपेपर्यंत त्यांच्या हाताखालून वीस हजारांहून अधिक रायफली गेल्या. काम झाल्यावर परीक्षा: दोनशे यार्डांवर सातही गोळ्या पाच इंचांच्या वर्तुळात, म्हणजे साधारण चहाच्या बशीत, आणि चारशे यार्डांवर सातांतल्या सहा दहा इंचांत. पास झालेल्या रायफलवर ‘टी’ हे अक्षर ठोकलं जाई. टेलिस्कोपमधला ‘टी’.

हॉलंडचे कारागीर नेमकं काय करत, ते समजून घेतलं की नव्याने अशी रायफल उभी करणं का कठीण आहे ते कळतं. रायफलचा जो पोलादी सांगाडा नळी आणि बोल्ट धरून ठेवतो, त्याच्या डाव्या भिंतीवर दोन पोलादी चकत्या बसवायच्या, एक पुढे आणि एक मागे. स्क्रू मारायचे आणि ते हादऱ्यांनी सुटू नयेत म्हणून त्यांच्या कडा ठोकून मुडपायच्या. पुढच्या चकतीला वर डागही द्यायचा. दुर्बिणीचा ब्रॅकेट हाताने फिरवायच्या दोन मोठ्या स्क्रूंनी या चकत्यांवर चढतो आणि उतरतो. तो दहा वेळा काढला, दहा वेळा लावला, तरी दर वेळी दुर्बिणीने नळीच्या रेषेतच बघायला हवं.

इथे थोडा हिशोब करू. समजा, दोन चकत्यांमधलं अंतर दहा सेंटिमीटर आहे आणि त्यांतली एक दुसरीपेक्षा फक्त एक दशांश मिलिमीटर बाहेर आली. साधा कागद असतो तेवढी ही जाडी. दहा सेंटिमीटरात एक दशांश मिलिमीटर म्हणजे हजारात एक. शंभर मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूला, चारशे मीटरवर चाळीस सेंटिमीटर. माणसाच्या छातीवर धरलेला नेम खांद्याबाहेर. दुर्बिणीच्या चकऱ्या फिरवून यातली थोडी चूक सावरता येते, पण त्यांनाही मर्यादा असते. म्हणून हॉलंडचा कारागीर त्या चकत्या कानशीने, केसाकेसाने, नळीला समांतर करत बसे. आज घरच्या शेडमध्ये हे काम करू बघणारा माणूस बहुतेक वेळा इथेच अडतो, आणि अडला की त्याने थांबावं. ज्यांच्याकडे नीट मोजमापाची लेथ आणि मिलिंग मशीन आहे, त्या शस्त्रकारांकडे द्यावं. ऐंशी वर्षांचं म्हातारं पोलाद चुकीच्या जागी ड्रिल केलं, तर ते भोक पुन्हा कुणाला बुजवता येत नाही.

दुर्बिणीचं नाव ‘नंबर ३२’. मुळात ती ब्रेन या हलक्या मशिनगनसाठी आखलेली, नंतर रायफलवर आली. साधारण तीन ते साडेतीन पट मोठं दाखवणारी, एक किलोच्या आसपास वजनाची. वरची चकरी अंतराची, बाजूची डाव्या-उजव्या दुरुस्तीची. पहिल्या आवृत्तीत वरच्या चकरीचा एक खटका पन्नास यार्डांचा होता. बारीक दुरुस्ती करायला हे फार ढोबळ. पुढच्या आवृत्त्यांत खटका एका मिनिटाचा झाला, म्हणजे शंभर यार्डांवर सुमारे एक इंच. आजची शिकारी दुर्बीण पाहिलेल्या माणसाला ही जड आणि अंधुक वाटेल. तिच्यातून पाहिलं की मध्ये एक टोकदार खांब आणि एक आडवी तार दिसते, बस.

मग ही सगळी जोडी तुटली कशी? युद्ध संपल्यावर रायफली आणि दुर्बिणी बाजारात विकल्या गेल्या, आणि अनेकदा वेगवेगळ्या. शिकाऱ्याला दुर्बीण हवी होती, जड ब्रॅकेट नको होता. कुणाला स्वस्त रायफल हवी होती, त्याने पुढचं लाकूड कापून तिला हलकी केली. काही रायफली सैन्याने स्वतःच बदलल्या. १९७० पासून एन्फील्डच्या कारखान्यात सुमारे हजारभर जुन्या ‘टी’ रायफलींना ७.६२ मिलिमीटरची नवी जाड नळी बसवून ‘एल ४२’ केलं गेलं. या रायफली १९८२ च्या फॉकलंड युद्धातही होत्या. अशी एखादी ‘एल ४२’ हाती आली, तर तिला १९४४ च्या रूपात मागे न्यावं असं काहींना वाटतं. माझं मत स्पष्ट विरोधात आहे. तिने दोन आयुष्यं काढली आहेत, त्यांतलं दुसरं पुसून पहिलं दाखवण्याचा अधिकार कुणाला?

सुदैवाने दुरुस्त करण्याजोग्या रायफली दुसऱ्याही आहेत. चकत्या शाबूत, पण दुर्बीण हरवलेली, पुढचं लाकूड कापलेलं. अशीला परत उभं करणं म्हणजे खरी डागडुजी. लाकूड शोधायचं ते त्याच काळातलं. युद्धाआधी आणि सुरुवातीला अक्रोड, पुढे टंचाईत बीचसारखी दुसरी लाकडं. लाकडावर दाबलेले खड्डे असले, तर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री फिरवतात. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. घासावं लागत नाही आणि ठसे शाबूत राहतात. मग कच्चं जवसाचं तेल, हाताने, पातळ थर, दिवसांमागून दिवस. ब्रिटिश सैन्यातही लाकडाला हेच तेल होतं. चकाकी आणणारं वॉर्निश लावलं की सैनिकाच्या हातातली वस्तू दिवाणखान्यातली होते.

गालाखालच्या लाकडाचा तुकडा मात्र बऱ्याचदा नवा करावा लागतो. दुर्बीण साध्या साइटपेक्षा उंच बसते. दस्त्यावर गाल टेकवून पाहिलं तर डोळा दुर्बिणीच्या खाली राहतो आणि मान वर करून नेम धरला तर दर वेळी वेगळा पडतो. म्हणून दस्त्याच्या वर हा लाकडी उंचवटा, दोन स्क्रूंनी बसवलेला. साधी गोष्ट, पण अनुभवी दुरुस्तीदार सगळ्यात जास्त वेळ याच तुकड्यावर घालवतात. त्याचा उतार दुर्बिणीच्या उंचीला मिळाला पाहिजे, आणि त्या काळच्या तुकड्यांसारखा दिसलाही पाहिजे.

नळीची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यात थोडं रसायनशास्त्र आहे. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी उडाली की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि नळी आतून गंजते. तेलाने हे मीठ निघत नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून सैनिक गोळीबार झाल्यावर नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतत. उकळतं का, तर नळी तापते आणि उरलेलं पाणी आपोआप सुकतं. हे ज्या सैनिकाने आळसापायी टाळलं, त्याच्या रायफलची नळी आज सत्तर-ऐंशी वर्षांनी खड्ड्याखड्ड्यांची निघते. वरून टिपटॉप आणि आतून कुजलेली रायफल पाहिली की त्या अनोळखी सैनिकाचा एक थकलेला दिवस डोळ्यांपुढे येतो.

नळी बदलली तर बोल्ट आणि काडतूस यांच्यामधला फटीचा हिशोब पुन्हा जुळवावा लागतो. ‘नंबर ४’मध्ये त्यासाठी बोल्टचं डोकं बदलता येतं. शून्य ते तीन अशा चार मापांची डोकी असत, आणि गेजने मोजून योग्य ते बसवतात. फट जास्त राहिली तर काडतूस फाटून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडाशी येऊ शकतो. ब्रिटनमध्ये नवी नळी बसवलेली बंदूक विकण्याआधी तिला लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये जादा दाबाचं काडतूस उडवून कसावं लागतं. बर्मिंगहॅमचं हे घर १८१३ पासून चालू आहे.

पुष्कळजण मात्र मुळात साध्या सैनिकी रायफलवरच चकत्या, गालाचा तुकडा आणि आजच्या काळात तयार झालेली दुर्बीण बसवून प्रतिकृती करतात. यात काहीच वावगं नाही. उलट खऱ्या ‘टी’ रायफली इतक्या महाग आणि कमी आहेत, की रोज मैदानावर नेमबाजी करायला प्रतिकृतीच बरी. अमेरिकेत ओहायोतल्या कॅम्प पेरीला २०११ पासून जुन्या स्नायपर रायफलींची एक सांघिक स्पर्धा होते. दोघांची जोडी, एक नेम धरतो, दुसरा दुर्बिणीतून बघून सांगतो. तीनशे आणि सहाशे यार्डांवर लक्ष्य काही सेकंदांपुरतं वर येतं आणि खाली जातं. नियमांत प्रतिकृतींना रीतसर जागा आहे.

भारतात हा छंद करता येत नाही, हेही सांगून टाकतो. ०.३०३ हे आपल्या कायद्यात निषिद्ध माप आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांपैकी कुणी तिथला परवाना घेऊन हे काम शिकत असेल, तर मला त्याचा हेवा वाटेल.

अडचण सुरू होते ती प्रतिकृती खरी म्हणून विकली जाते तेव्हा. ‘टी’चा ठसा कुणालाही ठोकता येतो. पाचशे रुपयांचा अक्षरांचा पंच पुरतो. म्हणून जाणकार ‘टी’वर विश्वास ठेवत नाहीत, ठशाच्या आसपासचा गंज आणि कडा बघतात. ठसा जुन्या काळवणीच्या खाली आहे की वर? मागच्या साइटचं जवळच्या अंतराचं मोठं भोक घासून काढलेलं आहे का? खऱ्या रायफलमध्ये ते घासलेलं असतं, कारण ते ब्रॅकेटला अडतं. दस्त्याच्या खाली ‘एस ५१’ हा हॉलंडचा सांकेतिक ठसा आहे का? या सगळ्या खुणा एकमेकींना साक्ष देतात. एकच खूण बोलते आणि बाकीच्या गप्प, तर संशय घ्यावा.

दुसऱ्या देशांच्या रायफलींतही अशा साक्षी आहेत, आणि त्या वाचणं मला गुप्तहेरकथेपेक्षा गोड वाटतं. सोव्हिएत मोसिन-नागां रायफलीवर युद्धात ‘पीयू’ नावाची छोटी दुर्बीण बसे. युद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांनी हजारो रायफलींच्या दुर्बिणी काढून टाकल्या, ब्रॅकेटची भोकं बुजवली आणि त्यांना साध्या रायफली केलं. दुर्बिणीला धडकू नये म्हणून लांब आणि वाकवलेला बोल्टचा दांडाही काढून पुन्हा सरळ दांडा बसवला. आज अशी रायफल हाती आली, तर डाव्या भिंतीवर बुजवलेल्या भोकांची दोन गोल वर्तुळं बारकाईने पाहिल्यावर दिसतात. तिला परत स्नायपर करणं म्हणजे तिचं जुनं आयुष्य शोधणं.

अमेरिकेची ‘एम १९०३ ए ४’ याहून चमत्कारिक. खऱ्या ‘ए ४’ रायफलवर ‘ए ४’ असं कुठेही लिहिलेलं नाही. ‘०३-ए ३’ असंच लिहिलेलं असतं. फरक इतकाच, की कारखान्याने अक्षरं आणि नंबर एका रांगेत न ठोकता दोन बाजूंना सरकवले, कारण मध्ये दुर्बिणीचा पाया येणार होता. नकल करणारा साधी ‘ए ३’ घेतो आणि तिच्यावर पाया बसवतो, तेव्हा अक्षरं पायाखाली अर्धवट दडतात. ते पाहिलं की खेळ संपला. नकल्याची आणखी एक चूक म्हणजे पुढची माशी. खऱ्या ‘ए ४’ला माशी नव्हतीच. दुर्बीण फुटली तर सैनिकाकडे काहीच उरत नसे.

हे सगळं इतक्या मायेने करताना एक गोष्ट विसरता येत नाही. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतले सगळे सोबती मशिनगनच्या माऱ्यात पडले. ते एकटे मशिनगनच्या ठाण्यावर धावून गेले. हातबाँब फेकला, टॉमी गनने गोळ्या झाडल्या आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून तीच गन नळीला धरून उरलेल्या दोघांना मारून ते ठाणं घेतलं. तिथेच शत्रूच्या स्नायपरांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पश्चात मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. दुर्बिणीच्या दोन काचांच्या पलीकडे कोण असतो, ते मराठी माणसाला याहून वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून प्रतिकृती करणाऱ्यांतल्या ज्यांना मी सगळ्यात जास्त मानतो, त्यांची एक सवय सांगतो. काम पूर्ण झाल्यावर ते दस्ता सोडवतात आणि आतल्या बाजूला, लाकडाआड, जिथे पुढच्या मालकाला रायफल खोलल्याशिवाय दिसणार नाही, तिथे काम कोणत्या साली झालं तो आकडा ठोकतात. रायफलवर ‘टी’ नाही, मानेवर खोटा जुना नंबर नाही. दुर्बिणीवर जो खरा नंबर आहे, तोच पंच घेऊन मानेवर ठोकायचा, एकेक आकडा, एकाच ठोक्यात, कारण दुसरा ठोका मारला की आकडा दुहेरी उमटतो.